उष्ट्या रोट्यांचं कपाट

ताश्कंद, १२ ऑक्टोबर १९९७

ती. मुकद्दस ओपास, सलाम वि. वि.

तोशमत टॅक्सीवाल्याच्या हाती हे पत्र आणि खडीसाखरेची पुडी देते आहे. पुडी फुटलेली निघाली तर समज की घाटात थांबून त्याने चहा गोड केला. मी खुशाल आहे. पहिल्या आठवड्यात रोज रडले, आता नाही. हे गेल्यावर दोन वर्षं थोरल्या बहिणीच्या घरचं, तुझं खाल्लं आणि तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस, म्हणूनच तर निघाले. तू बोलली असतीस तर भांडून तिथेच राहिले असते.

सोलिखोवांच्या घरी स्वयंपाकाला लागले आहे. ओपा, घर कसलं, सरकारी विश्रामगृहच! अंगणात द्राक्षांचा मांडव, पण खाली एक पान पडलेलं दिसायचं नाही. उंबऱ्याशी जोडे असे लावलेले की जणू कवायतीला उभे आहेत. कोणी कोणाला अंगणातून हाका मारत नाही. काम असलं तर जवळ जाऊन बोलायचं. आपल्याकडे तुझी हाक तीन गल्ल्यांत जाते, त्याची मला इथे फार आठवण येते हो! मोठ्या बाई, मावलुदा त्यांचं नाव, पेल्यात चहा किती ओततात ते पाहत राहावं. तळाशी दोन घोट. पुन्हा ओतायला मिळावा म्हणून. आपणही तेच करतो, पण आपण चहा पुरवायचा म्हणून करतो.

आणि दिवाणखान्यात एक काचेचं कपाट आहे. त्यात चिनीमातीची भांडी नाहीत, चार रोट्या आहेत. चौघा मुलांच्या. जाताना प्रत्येकाने एकेक घास घेतलेल्या, उरलेली परत येऊन खायची म्हणून ठेवलेल्या, उष्ट्या. आपण खिळ्याला फडक्यात टांगतो, यांनी काचेत ठेवल्यात. थोरला रवशन जर्मनीत डॉक्टर, दुसरा दिल्मुरोद मॉस्कोत फरशांचा व्यापारी, बाकीचे दोघेही परदेशी. पाहुणे आले की बाई आधी तिकडेच नेतात. परवा एक बाई म्हणाल्या की ज्या घरात जितक्या उष्ट्या रोट्या, तितकं त्या घराचं नशीब थोर. मला आपल्या घरची भिंत आठवली. नुसता खिळा.

आईने आपल्या दोघींना दिलेले जोडीचे रोटीचे ठसे आठवतात ना, मधोमध टोचून नक्षी उमटवायचे, आठ पाकळ्यांचे? माझा मी बरोबर आणला. इथे पूर्वी रोटी बाजारातून यायची. आता बाईंना माझ्याच हातची लागते. दाजींना सलाम, जावलोनला गोड पापा. सोळा वर्षांचा झाला म्हणून काय झालं!

माया आहेच, पत्रातूनही दाखवत जा.
तुझी ओयदिन

*

रिश्तोन, ९ नोव्हेंबर १९९७

चि. ओयदिनला, अ. उ. आ.

पुडी फुटलेलीच आली. तोशमत म्हणतो उंदराने खाल्ली. टॅक्सीत उंदीर!

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्या दाजींना आणि एकदा शेजारच्या होसियतला. दाजी ऐकून एवढंच म्हणाले की कुंभाराच्या घरात जोडे ओळीत लावले तर चिखल कुठे काढायचा? त्यांना हसू येतं सगळ्याचं. मला नाही आलं. तुला खरं सांगते, मला रडू आलं. माणसं अशी जगतात आणि आपण असे, यात देवाचा हात किती आणि आपला किती, असं वाटत राहिलं.

म्हणून मी ठरवलं आहे की जे फुकट शिकता येतं ते तरी शिकायचं. जोडे ओळीत लावते. हाका मारणं बंद केलं. परवा जावलोनला जेवायला बोलवायला त्याच्या भट्टीपर्यंत चालत गेले, तर पोरगं घाबरलं. त्याला वाटलं घरात कोणी गेलं की काय! हस मेल्ये, मलाही हसू आलं.

जावलोनचा हात छान बसला आहे. ताटल्यांवर डाळिंबं काढतो, बापाहून बारीक. पण त्या ताटल्या घेतंय कोण? शेडमध्ये थप्प्या लागल्यात. दाजी म्हणतात दिवस पालटतील. त्यांचे वडीलही हेच म्हणत गेले. बाईंनी मुलांना कसं वाढवलं, कधी धाडलं, काय सांगून धाडलं, नीट विचार आणि कळव. मोठ्या माणसांना विचारायची लाज धरू नये.

जिवाला जप. बाकी क्षेम.
तुझी ओपा मुकद्दस

*

ताश्कंद, २० जून १९९८

ती. मुकद्दस ओपास, सलाम वि. वि.

तू विचारलंस ते मी धीर करून बाईंना विचारलं. जर्दाळू वाळत घालत होतो. त्या म्हणाल्या की घरात बसवलेला मुलगा आणि भिजवून विसरलेलं पीठ, दोन्ही आंबतात. चौघांनाही सतरा पुरी होताच धाडलं. आणि दारात रडायचं नाही. रडलेल्या आईचा मुलगा अर्ध्या वाटेवरून फिरतो. त्या एकदाही रडल्या नाहीत म्हणे, आणि म्हणूनच चौघेही पुढे गेले. हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होती ओपा, की मला वाटलं हिच्या पायाशी बसून शिकावं.

मग मी आपलं घोडं पुढे दामटलं. भाचा आहे, हात चांगला आहे, म्हटलं. बाईंनी लगेच मॉस्कोला दिल्मुरोदला फोन लावला. फरशा बसवायच्या कामाला त्याला नक्षीचा हात असलेली मुलं हवीच आहेत. राहायची सोय तोच करील. सप्टेंबरात धाडा म्हणाला.

माझा सल्ला विचारशील तर धाड. इथे मी रोज ते कपाट पुसते. आपल्याही भिंतीवर एक असावी असं वाटतं. दाजी रागावतील; त्यांना म्हणावं ओयदिनने सांगितलं, काय शिव्या घालायच्या त्या मला घाला.

तुझी ओयदिन

*

रिश्तोन, १४ सप्टेंबर १९९८

चि. ओयदिनला, अ. उ. आ.

जावलोन गेला. परवा सकाळी तोशमतच्याच गाडीने. आतापर्यंत तुला भेटून पुढे आगगाडीत बसलाही असेल.

त्याला जायचं नव्हतं. तुझ्यापासून काय लपवू? आठ दिवस माझ्या मागे मागे फिरून म्हणत होता की आई, हा हिवाळा राहू दे, निळ्या रंगाचं मला आत्ता कुठे कळायला लागलंय. मी बाईंचं पिठाचं वाक्य त्याला ऐकवलं. तो म्हणाला की आंबलेल्या पिठाचीच तर रोटी होते ना गं. तेव्हा मी ओरडले. हळू आवाजात ओरडले, सोलिखोवांच्या रीतीने.

पहाटे रोटी भाजली, आपल्या ठशाची. त्याने घास घेतला तो इतकुसा, चिमणीचा. मी म्हटलं नीट घे, तर म्हणाला मोठा घास परत आल्यावर, बाकीची सगळी मलाच खायची आहे, उंदरांना देऊ नकोस. दाजी शेडमधून बाहेर आले नाहीत. जावलोन आत जाऊन त्यांच्या पाया पडला. बराच वेळ आत होता. आत काय झालं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

मी रडले नाही. गाडी वळेपर्यंत मान ताठ ठेवली. सगळी गल्ली पाहत होती. होसियत नंतर म्हणाली की तुझ्यासारखं काळीज मला नाही बाई. मला तेव्हा मोठेपणा वाटला, लाज वाटायला हवी होती की काय कोण जाणे. रोटी फडक्यात बांधून खिळ्याला टांगली आहे. येता-जाता हात लावते.

तुझी ओपा मुकद्दस

*

ताश्कंद, २४ मार्च १९९९

ती. मुकद्दस ओपास, सलाम वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. होसियतला नको.

नवरोजच्या साफसफाईत बाई बाहेर गेल्या असताना मी कपाट उघडलं. एरवी काच बाहेरूनच पुसते, आत त्या स्वतः करतात. रवशनची रोटी उचलली आणि खिडकीच्या उजेडात नेली. रवशन जाऊन चौदा वर्षं झाली. मी या घरात आले त्याला दोन वर्षंही नाहीत. आणि त्या रोटीवर आपल्या आईचा ठसा होता, ओपा! आठ पाकळ्या, त्यातली एक जराशी मोडकी, माझ्या ठशाची मोडलीय तश्शी. ती माझ्याच हातची रोटी होती.

मागे वळले तर बाई दारात. वाटलं, आता गेली नोकरी. पण त्या रागावल्या नाहीत. दार लावून घेतलं आणि जमिनीवरच बसल्या, गादीसुद्धा ओढली नाही. म्हणाल्या की रवशनच्या पहिल्या रोटीला बुरशी आली, दुसरीचा भुगा झाला, तिसरी पाहुण्यांच्या पोराने पाडली. ही चौथी. घास त्या स्वतःच घेतात. पुढचे दात सोन्याचे, नीट उमटत नाहीत, म्हणून बाजूच्या दाताने घेतात. चारही रोट्या तशाच आहेत ओपा, एकीलाही मुलाचा दात लागलेला नाही.

चौदा वर्षांत रवशन एकदा आला. चार दिवस, त्यातले तीन हॉटेलात, का तर बायकोला अंगणातला संडास नको. रोटी समोर ठेवली तर हसून म्हणाला की आई, आता ही कोण खाणार, दात पडतील. दिल्मुरोद पैसे धाडतो, फोन करतो, येत नाही. मी विचारलं की मग पाहुण्यांना का दाखवता? त्या म्हणाल्या की दाखवायचं बंद केलं तर ते विचारतील ना, मुलगे कधी येणार म्हणून.

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या बहिणीचा एकुलता का गं? मी हो म्हटलं. त्यांनी रोटी माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली.

ओपा, मी चुकले. बाहेरून काच पुसत राहिले आणि तुला आतलं सांगत राहिले. मी आंधळी, आणि माझा हात धरून तू चाललीस. जावलोनला परत बोलाव. आत्ता सहाच महिने झालेत, अजून त्याला घराची ओढ असेल. दाजींना सांग, ते नाही म्हणायचे नाहीत. मी पाया पडते तुझ्या.

तुझी ओयदिन

*

रिश्तोन, ३० मे १९९९

ओयदिनला,

पत्र मिळालं. दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते बहिणीला लिहू नये असं होतं.

धाड म्हणणारी तू, बोलाव म्हणणारीही तू. माझा मुलगा म्हणजे काय तोशमतची टॅक्सी आहे? तो तिथे चांगला चाललाय. मुकादमाचा आवडता आहे. त्याच्या पैशांनी शेडचं छप्पर झालं, दाराला नवी निळी कवाडं लागली. परवा लग्नात मला वरच्या बाजूला बसवलं, ठाऊक आहे? आजवर मी दारापाशी बसत आले. आता माणसं मला विचारतात की मुलाला कसं वाढवलंस. आणि तू म्हणतेस बोलाव, ताटल्यांच्या थप्प्यांत बसव!

सोलिखोवांची मुलं वाईट निघाली असतील. माझा तसा नाही. त्याने सांगितलंय बाकीची मीच खाणार म्हणून.

तुझ्या पदरी मूल नाही, म्हणून तुला हे कळायचं नाही.

मुकद्दस

*

ताश्कंद, ११ नोव्हेंबर २००५

ती. मुकद्दस ओपास, सलाम वि. वि.

सहा वर्षांत आपली सणासुदीची तीन पत्रं झाली, तीही चार-चार ओळींची. तुझं ते शेवटचं वाक्य मी विसरले असं म्हणणार नाही. खोटं बोलायचं माझं वय गेलं. पण हे तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

मोठ्या बाई गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांना मीच भरवत होते. मातीला तिघे मुलगे आले, रवशनला रजा मिळाली नाही म्हणे, त्याचा फोन आला. तिसऱ्या दिवशी तिघे दिवाणखान्यात उभे होते. घर विकायचं बोलत होते, तेही हळू आवाजात, आईने शिकवलं तसंच. दिल्मुरोद कपाटासमोर थांबला आणि मला विचारलं की ह्या जुन्या रोट्या इथे कशाला ठेवल्यात? मी म्हटलं, तुमच्या आहेत. तो म्हणाला, यातली माझी कुठली? भावांनाही ओळखता येईना. मला येत होतं, ओपा. चारही माझ्या हातच्या होत्या.

रोटी टाकून देत नाहीत एवढं त्यांना आठवलं. पिशवीत भरून दिल्या, कोणाच्या तरी गाईला घाल म्हणाले. मी घातल्या नाहीत. माझ्या ट्रंकेत आहेत. घर विकलं की मी कुठे जाणार ते अजून ठरलं नाही. एका खानावळीत भाजायला बाई हवी आहे म्हणतात.

जावलोन आला होता का गं एकदा तरी? तू लिहीत नाहीस, म्हणजे नसेल आला. दाजींचा खोकला कसा आहे?

तुझी ओयदिन

*

रिश्तोन, १७ फेब्रुवारी २००८

माझ्या ओयदिनला, अ. उ. आ.

तुझ्या पत्राला दोन वर्षांनी उत्तर लिहिते आहे. आधी ते सांगते जे तोशमतने तुला सांगितलं असेलच. तुझे दाजी गेले, मागच्या वर्षी, खोकल्यानेच. जावलोन आला नाही. तिकडून निघाला तर पुन्हा आत घेणार नाहीत, कागद अडकलेत. फोनवर लहान मुलासारखा रडत होता. मागे त्याचं मूल रडत होतं. त्याला मी पाहिलेलं नाही. दोघांतलं कोण रडतंय तेच कळेना. दाजींनी शेवटी मला शेडमध्ये नेऊन एक ताटली दाखवली. जावलोनने निघायच्या आदल्या दिवशी अर्धी रंगवलेली. त्यांनी ती भाजलीच नव्हती, नऊ वर्षं कच्चीच जपली. म्हणाले की उरलेली त्याची तो करील. मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही गं त्यांनी. दिला असता तर बरं झालं असतं.

आता दुसरं. या हिवाळ्यात उंदरांनी रोटी खाल्ली. सकाळी पाहते तर फडकं फाटलेलं आणि खाली चुरा. मी जमिनीवर बसून तो चुरा बोटाने गोळा केला आणि पाण्याबरोबर खाल्ला. उंदराचं उष्टं की मुलाचं, पाहिलं नाही. मग पीठ भिजवलं. तेच हात, तोच तंदूर, तोच ठसा. कोणाला फरक कळायचा नाही. फक्त घास राहिला. ओयदिन, मी रोटी तोंडाशी धरली आणि मला तुझ्या मोठ्या बाई दिसल्या, बाजूच्या दाताने घास घेणाऱ्या. तेव्हा मी मोठ्याने रडले. तीन गल्ल्यांत ऐकू गेलं असेल. दहा वर्षांपूर्वी दारात रडायला हवं होतं ते.

माझा वरचा पुढचा दात पडलाय, हे तुला माहीत नसेल. त्यामुळे मी घेतलेल्या घासाच्या मधोमध एक सुळका उरला. तशीच टांगली.

मागच्या आठवड्यात होसियत आली. तिच्या धाकट्याला सतरावं लागलंय. नवी कवाडं, गॅस, खुर्च्या, सगळं पाहिलं आणि म्हणाली की बाई, तुझ्या घराकडे पाहून आम्ही शिकलो, आता आमच्याही भिंतीला एक होऊ दे. मी चहा ओतला. तळाशी दोन घोट, सवयीने. मग उठून फडकं सोडलं आणि रोटी तिच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, नीट बघ. आणि तिच्याकडे तोंड करून हसले, ओठ पूर्ण उघडून, पडलेल्या दाताची फट दिसेल असं. तिने रोटीकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा रोटीकडे पाहिलं. कळलं तिला, ओयदिन. तिने पेला तोंडाला लावला.

चहा संपवून ती म्हणाली की दहा वर्षांत रोटी छान टिकली हो. गुरुवारी पुन्हा आली, ठसा मागायला. तिचा लाकडी ठसा चिरलाय, आणि पोराची रोटी नशीबवान ठशाची असावी म्हणे. मी हात धरून म्हटलं की नको धाडूस. तिने हात हळूच सोडवला आणि म्हणाली, मुकद्दस, तुझं झालं ना चांगलं, मग आमचं का बघवत नाही? हेच वाक्य मी तुला शहाणपणाच्या भरात लिहिलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. आपल्यात ठसा मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. दिला.

त्या रात्री मला झोप नव्हती. तू निघालीस तेव्हाची सकाळ आठवत राहिली. तुझ्या हातात मी जर्दाळू दिले, तुझा ठसा दिला, पण रोटी पुढे केली नाही. विधवा बहीण कामाला चाललीय, तिच्यासाठी कोण रोटी टांगतं, असं तेव्हा मनात आलं होतं. म्हणून इतकी वर्षं या घरात तुझी वाट पाहणारं काही नव्हतं. आणि वर ते मुलाबाळांचं वाक्य लिहिलं मी तुला. जावलोनला पहिले चार महिने माझं दूध नव्हतं, तेव्हा रात्रंदिवस त्याला छातीशी धरून शेळीचं दूध कोण पाजत होतं? तूच ना? हे मला लिहितानाही लाज वाटते.

आज सकाळी तुझ्या नावाची एक भाजली. ठसा होसियतकडे अडकलाय, म्हणून मधून टम्म फुगली आहे, वेडीवाकडी. तिला कोणाचा घास लागलेला नाही, आणि टांगायचीही नाही. फडक्यात झाकून ठेवली आहे. तोशमत म्हणतो तू त्या खानावळीतच लागलीस; ती सोड. ट्रंकेतल्या त्या चारही रोट्या घेऊन ये, आपण दोघी त्या नदीत सोडू. त्या बाईला तेवढं तरी देणं लागतो. मग बसून ही आपली खाऊ, सबंध, शिळी झाली तरी चहात बुडवून.

तोशमत शनिवारी ताश्कंदहून परत येतो. त्याला मी पुढची जागा तुझ्यासाठी धरायला सांगितलं आहे. माझी हाक आता पुन्हा मोठी झाली आहे, गल्लीच्या तोंडाशी उतरलीस की ऐकू येईल. येताना तुझा ठसा तेवढा घेऊन ये.

तुझीच
ओपा